छोट्या फ्लॅटमध्ये दुसरं मांजर आणताना: आधी वास, मग आवाज, मग नजर, गाठभेट सगळ्यात शेवटी

बहुतेक घरांत हे असं होतं: नवं मांजर येतं, कॅरिअर हॉलच्या मधोमध ठेवून उघडलं जातं आणि "बघतील आपसांत काय ते" म्हणून माणसं सोफ्यावर बसतात. दोन मिनिटांत फिस्कारणं, पाचव्या मिनिटाला झटापट, रात्री नवं मांजर पलंगाखाली. मग आठवड्याभराने प्रश्न पडतो, की जुनं मांजर गादीवर सू का करायला लागलं?

मांजर घरातलं कोण आणि परकं कोण हे मुख्यतः वासावरून ठरवतं. ओळखीचा वास नसलेलं मांजर अचानक आपल्या हद्दीत दिसलं, की ते घुसखोर. म्हणून आधी वास, मग दाराआडचा आवाज, मग नजर आणि सगळ्यात शेवटी गाठभेट. माणसं नेमकी उलट्या टोकापासून सुरुवात करतात.

खालचा क्रम एक-दोन खोल्यांच्या घरासाठी आहे, जिथे दोन्ही मांजरं पूर्णवेळ आतच राहणार आहेत. साधारण ३ ते ६ आठवडे धरून चाला. पिल्लू असेल तर कमी लागतात. दोन्ही प्रौढ असतील तर काही महिनेही जातात.

## १. जोडी जुळवणं

नर की मादी यापेक्षा वय आणि अंगातली रग बघा. सांधे धरलेल्या १२ वर्षांच्या मांजराच्या अंगावर ४ महिन्यांचं पिल्लू सोडणं ही त्या म्हाताऱ्याला शिक्षाच. दिवसभर झोपणाऱ्याला शांत, प्रौढ सोबती द्या. घरभर धावणाऱ्याला त्याच्या तोडीचा.

दोघांचीही नसबंदी झालेली हवी. बोक्याच्या शरीरातले हार्मोन ऑपरेशननंतर उतरायला काही आठवडे जातात, त्यामुळे शुक्रवारी ऑपरेशन आणि सोमवारी गाठभेट असा हिशेब करू नका.

## २. घराची मांडणी: नवं मांजर येण्याच्या १५ दिवस आधी

छोट्या घरात चौरस फुटांपेक्षा वाटा जास्त कमी पडतात. हॉल आणि बेडरूममधल्या अरुंद बोळात एक मांजर पाय पोटाखाली घेऊन बसलं, की दुसऱ्यासाठी अर्धं घर बंद. माणसाला वाटतं, निवांत बसलंय. प्रत्यक्षात ते नाकाबंदी करत असतं.

कागदावर घराचा नकाशा काढा. ट्रे (मांजराचा शी-सूचा डबा), पाणी, जेवण, झोपायच्या जागा, आवडती खिडकी अशा खुणा करा. मग प्रत्येक खुणेपाशी एकच प्रश्न विचारा: वाटेत एक मांजर बसलं, तर दुसऱ्याला इथे यायला किंवा इथून निसटायला दुसरी वाट आहे का? नसेल तर ती वस्तू हलवा, किंवा तशीच दुसरी वस्तू घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

ट्रे. दोन मांजरांना तीन ट्रे हा नियम. जागाच नसेल तर दोनवर भागवता येतं, पण मग ते वेगवेगळ्या कोपऱ्यांत हवेत आणि दिवसातून दोनदा साफ व्हायला हवेत. शेजारी शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच, कारण एकच पहारेकरी तिन्ही अडवू शकतो. ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या अंतराच्या दीडपट हवी. तयार मिळणारे बरेचसे ट्रे याहून लहान असतात. कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन एक बाजू १२ ते १५ सेंमी उंचीपर्यंत कापली आणि कड घासून घेतली, की उत्तम ट्रे होतो. लिटर, म्हणजे ट्रेमध्ये पसरायची शोषक माती, ५ ते ७ सेंमी जाड, बिनवासाचं, ओलं झाल्यावर गोळे बनणारं. लहान पिल्लं लिटर चाटतात, खातात, म्हणून त्यांना सुरुवातीला गोळे न बनणारं द्या. झाकणवाल्या ट्रेला एकच तोंड असतं, आत गेलेलं मांजर सहज कोंडीत सापडतं; दोन मांजरांच्या घरात त्यांच्या नादी लागू नका.

उंची. जमीन संपली की भिंत वापरायची. फळी किमान ३० सेंमी खोल, दोन फळ्यांमध्ये ३० ते ४० सेंमी उंचीचं अंतर, वर घसरू नये म्हणून गालिच्याचा तुकडा. फळी भिंतीत बोल्टने पक्की करा. उडी मारताना बसणारा झटका मांजराच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त असतो. फळ्या बसवणं शक्य नसेल तर कपाटाचा माथा ही फुकटची जागा आहे, शेजारी स्टूल आणि त्यावर एखादी पेटी ठेवली की झालं. फक्त प्रत्येक उंच जागेवरून उतरायला दोन वाटा हव्यात. एकाच वाटेचा मचाण म्हणजे सापळा.

खिडक्या. डासांची जाळी मांजराचा भार पेलत नाही आणि पाठलागात मांजर जाळीकडे बघत नाही. खिडक्यांना आणि बाल्कनीला मजबूत जाळी स्क्रूने बसवा. पिल्लाचं डोकं भोकातून जात असेल तर ती जाळी उपयोगाची नाही.

सफाई. सू झालेल्या जागेसाठी एन्झाइमवालं क्लीनर आणून ठेवा. अमोनिया असलेली द्रावणं नकोत, त्यांचा वास मांजराला लघवीसारखाच वाटतो. फिनाईल आणि फेनॉल असलेली इतर जंतुनाशकं तर घरातूनच काढा: मांजराचं यकृत फेनॉलचा निचरा नीट करू शकत नाही, आणि ओल्या फरशीवर चाललेले पंजे ते नंतर चाटतंच.

हे सगळं १५ दिवस आधी करण्यामागे कारण आहे. फर्निचर हलणं आणि नवं मांजर येणं या दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या, तर जुनं मांजर दोन्हींचा राग एकाच्याच नावावर लिहितं. जुन्या ट्रेची जागा आणि त्यातलं लिटर या काळात बदलू नका. नवे ट्रे वाढवा.

तपासा: जुनं मांजर नेहमीसारखं खातंय का? नव्या ट्रेपैकी निदान एक वापरून पाहिलाय का? नवी उंच जागा त्याने स्वतःहून निवडलीय का? तिन्हींना हो असेल तरच पुढे.

## ३. व्हेटकडून थेट बंद खोलीत

नवं मांजर घरात शिरण्याआधी व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे. फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजरांना एकमेकांपासून होणारे दोन विषाणूंचे आजार) यांची रक्ततपासणी, जंतांसाठी शीची तपासणी, शिवाय कानातली कीड, पिसवा आणि कातडीवरचं गजकर्ण आहे का तेही बघून घ्या. ल्युकेमियाची चाचणी निगेटिव्ह आली तरी संसर्ग अगदी ताजा असेल तर तो सापडत नाही. पुन्हा कधी करायची ते विचारून घ्या. जुन्या मांजराच्या लसी बाकी असतील तर त्या आधी पूर्ण करा.

त्यानंतर दोन आठवडे विलगीकरण. सर्दी-शिंका आणि पॅनल्युकोपेनियासारखे (मांजरांचा जीवघेणा, झपाट्याने पसरणारा विषाणूंचा आजार) आजार याच मुदतीत डोकं वर काढतात. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. एक भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी हे द्रावण स्वच्छ धुतलेल्या पृष्ठभागावर १० मिनिटं राहू द्यावं लागतं, मग पाण्याने पुसून घ्यायचं. घरात आधी या आजाराने मांजर गेलं असेल, तर लसी पूर्ण झालेलंच मांजर आणा.

इशारा: कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यात बरेचदा परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराचा जीव घेतं. पॅरासिटामॉलही तसंच, अर्धी गोळीसुद्धा नको.

## ४. बंद खोली

जुनं मांजर रात्री ज्या खोलीत झोपतं ती खोली नव्याला देऊ नका. त्याची हक्काची जागा गेली की पहिल्याच रात्री वैर सुरू.

खोलीत ट्रे एका कोपऱ्यात, जेवण समोरच्या कोपऱ्यात, पाणी दोन्हींपासून लांब. बोचकारायला एक खांब. पलंगाखालची फट पेट्या सरकवून बंद करा आणि लपायला दोन भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका द्या. लपू द्यायचंच आहे, पण तुमचा हात पोहोचेल अशा ठिकाणी.

एकच खोली असेल तर? किमान ९० सेंमी लांबीचा, आत मधली फळी असलेला तारेचा पिंजरा घ्या आणि तीन बाजूंनी चादर टाका. कोरडं आणि हवेशीर बाथरूमही पहिले काही दिवस चालतं. बादलीतलं पाणी आणि सफाईची द्रावणं तेवढी बाहेर काढा. पिंजरा जुन्या मांजराच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर मात्र ठेवू नका.

पहिल्या दिवशी खोलीत जमिनीवर बसा, मोबाइल बघा, मांजराकडे टक लावू नका. ओढून बाहेर काढणं नाही. रात्री खाल्लं आणि ट्रे वापरला तर सगळं ठीक. प्रौढ मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर व्हेटला फोन करा. पिल्लाच्या बाबतीत इतकीही वाट बघू नका. व्हेटने मोकळीक देईपर्यंत त्या खोलीतून बाहेर पडताना हात धुवा, वरचा शर्ट बदला.

## ५. वासाची देवाणघेवाण

व्हेटने दोघांनाही तंदुरुस्त ठरवलं की मग हा टप्पा. दोन स्वच्छ सुती मोजे घ्या. एक नव्या मांजराच्या गालावरून, हनुवटीखालून आणि कानाच्या पुढच्या भागावरून हलकेच फिरवा. आपुलकीच्या खुणा सोडणाऱ्या ग्रंथी इथे असतात. पाठीमागच्या बाजूला पुसू नका. दुसरा मोजा जुन्या मांजराला तसाच. मग अदलाबदल.

मोजा जेवणाच्या भांड्याखाली ठेवण्याची चूक फार जण करतात. नको असलेला वास जेवणात मिसळला की मांजर जेवणच टाळतं. भांड्यापासून मीटरभर लांब ठेवा आणि काय होतंय ते बघा. हुंगून निघून गेलं तर उत्तम. फिस्कारलं तर मोजा आणखी दूर. कधी कधी मांजर हुंगतं, मग तोंड अर्धवट उघडून, वरचा ओठ ओढून क्षणभर थिजतं. हा राग नाही. टाळूपाशी असलेल्या खास इंद्रियाने ते वास चाचपत असतं.

रोज ताजा मोजा. सलग तीन दिवस दोघांनीही मोज्याची दखल घेऊन तो सोडून दिला, की मग एकच कापड आधी एकाच्या आणि मग दुसऱ्याच्या गालावरून फिरवा.

## ६. दाराच्या दोन बाजूंना जेवण

भांड्यात दिवसभर खाणं पडलेलं असेल तर हा टप्पा चालतच नाही, भूक हवी. ठरावीक वेळा ठेवा.

बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, दारापासून साधारण २ मीटरवर, एकाच वेळी भांडी ठेवा. दोघंही निवांत खातात, तर पुढच्या जेवणाला भांडं १५ ते २० सेंमी दाराकडे. एखादं खाता खाता थांबून दाराकडे कान रोखू लागलं, की दोन पावलं मागे आणि तिथे दोन दिवस मुक्काम. घर इतकं छोटं आहे की २ मीटर मिळतच नाहीत? मग एकाचं भांडं कोपऱ्याआड ठेवा.

दार उघडं राहणार नाही याची खात्री करा. दोन्ही भांडी दाराला चिकटलेली असताना सलग ३ दिवस शांतपणे जेवण झालं, की पुढे.

## ७. खोल्यांची अदलाबदल

जुनं मांजर नव्याच्या खोलीत, नवं मांजर बाकीच्या घरात, रोज अर्धा ते एक तास. दोघं बोळात समोरासमोर येऊ नयेत म्हणून एकाला आधी बाथरूममध्ये ठेवा, दुसऱ्याला हलवा, मग पहिल्याला सोडा. एका खोलीच्या घरात जुन्याला खाऊ देऊन बाथरूममध्ये बसवा आणि नव्याला पिंजऱ्याबाहेर सोडा.

हा टप्पा सर्रास गाळला जातो, आणि छोट्या घरात तोच सगळ्यात जास्त कामाचा. नव्याला ट्रे, लपायच्या जागा आणि वर चढायच्या वाटा शत्रू समोर नसताना पाठ झालेल्या असायला हव्यात. पुढे पाठलाग झालाच तर घाबरलेलं मांजर फक्त माहीत असलेल्या वाटेनेच पळतं.

## ८. जाळीआडून नजरानजर

दाराच्या चौकटीत जाळीची चौकट बसवा, किंवा लहान मुलांसाठीची दोन गेटं एकावर एक बांधा. सुरुवातीला सगळ्या जाळीवर चादर टाका आणि खालून १० सेंमी फट ठेवा. फट रोज थोडी वाढवायची.

दोन माणसं, दोन मांजरं, दोन्हीकडे आवडीचा खाऊ. पहिली भेट २ ते ३ मिनिटांची. काही बिनसायच्या आधी संपवा. "किती शांत आहेत, बसू दे अजून थोडं" या मोहातच बहुतेक भेटी बिघडतात.

शेपूट उभी आणि टोकाला वाकलेली, हळूच मिटणारे डोळे, दुसऱ्याकडे पाठ करून अंग चाटणं, ही चांगली लक्षणं. एखाददुसरं फिस्कारणं चालतं, ते फक्त "लांब राहा" एवढंच असतं. खरी काळजी निःशब्द टक लावण्याची. शरीर ताठ, कान बाजूला वळलेले, शेपटीचं टोक फटक्यासारखं हलतंय आणि पापणी लवत नाही: दोघांमध्ये पुठ्ठा सरकवा आणि भेट संपवा. ओरडू नका. तुमचा आवाज त्या दुसऱ्या मांजराच्या खात्यावर जमा होतो.

तपासा: जाळीवर काहीही झाकलेलं नसताना, दोघं मीटरभर अंतरावर, सलग ५ भेटींत खाताहेत किंवा खेळताहेत? तरच जाळी काढा.

## ९. गाठभेट

आदल्या दिवशी दोघांची नखं कापा. वेळ निवडा ती खेळून दमल्यानंतरची आणि जेवणाच्या आधीची. बेडरूमचं दार पूर्ण उघडं, पलंगाखालची फट बंद, साधारण ६० सेंमीचा पुठ्ठा हाताशी. कुणालाही उचलून समोर धरू नका. कडेवरचं मांजर घाबरलं की पहिला ओरखडा तुम्हालाच.

दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या टोकांना दोरीची खेळणी हलवायची. १० मिनिटं, मग दोघांना जेवण आणि आपापल्या जागी. रोज ५ मिनिटं वाढवा.

खेळ आणि भांडण यांतला फरक आवाजात असतो. खेळ जवळजवळ मुका असतो. वर-खाली होणं आलटून पालटून चालतं, नखं आत असतात, मध्येच थांबून पुन्हा सुरू होतं. किंकाळी, फुगलेली शेपूट, मागे पडलेले कान, आणि दर वेळी तेच मांजर पळतंय, तेच लपतंय, हे भांडण.

भांडण लागलं तर: हात घालू नका. मध्ये पुठ्ठा सरकवा किंवा वर जाड चादर टाका. चवताळलेल्याला उचलू नका, त्याला अंधाऱ्या खोलीत जायला वाट द्या आणि दार लावा. राग उतरायला तास लागतात, कधी अख्खा दिवस. त्यानंतर सहाव्या टप्प्यावर परत. चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, जखम वरून मिटते आणि आत पिकते.

## १०. मोकळं सोडल्यानंतरचा पहिला महिना

तुम्ही घरात नसताना पहिले दोन आठवडे वेगळंच ठेवा. मग अर्धा तास, मग दोन तास असं वाढवत न्या. जेवण कायमचं वेगळं ठेवा, दोघं एकमेकांना दिसणार नाहीत अशा जागी. एका भांड्यात दोन तोंडं म्हणजे प्रेम नव्हे, स्पर्धा. खेळही वेगवेगळा: प्रत्येकाला दिवसातून दोनदा १० ते १५ मिनिटं, शेवटी शिकार हाती लागू द्या आणि लगेच खाऊ. नुसत्या लेझरमागे पळवलं तर हाती काहीच लागत नाही, आणि ती चिडचिड मग सोबत्यावर निघते.

खरी दादागिरी या महिन्यात शांतपणे चालते. एक मांजर दिवसचे दिवस कपाटावरच राहतं, दुसरं निजल्यावरच पाणी प्यायला उतरतं, ट्रेकडे जाताना आधी दारातून वाकून बघतं. यावर रागावून उपयोग नाही. नकाशा पुन्हा काढा आणि ज्या ठिकाणी नाकाबंदी होते तिथे दुसरी वाट द्या, किंवा आणखी एक ट्रे.

रोज ट्रे साफ करताना गोळे मोजा. नेहमीपेक्षा एकदम कमी झाले, एखादं मांजर भलतीकडे सू करायला लागलं किंवा लघवीत रक्त दिसलं, तर आधी व्हेट, मग स्वभावाचा विचार. बोका ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि त्यात एक-दोन दिवसांत जीव जातो.

पुढे कधीही एक मांजर दवाखान्यातून परत येईल तेव्हा त्याच्या अंगाला औषधांचा, परक्या प्राण्यांचा वास असेल आणि घरातलं मांजर त्याला ओळखणार नाही. वर्षानुवर्षांचे सोबतीही अशा वेळी भिडतात. परत आलेल्याला थेट बंद खोलीत न्या, तिथे त्याचं स्वतःचं वापरलेलं अंथरूण ठेवा, १२ ते २४ तास राहू द्या आणि दाराच्या दोन्ही बाजूंना एक वेळचं जेवण शांतपणे झाल्यावरच दार उघडा. कॅरिअर मात्र दोघांना दोन वेगळे ठेवा.